तोफेची नळी कशाने झिजते?

१९१८ साली जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर मारा केला, त्या तोफेच्या प्रत्येक गोळ्यावर क्रमांक घातलेला असे आणि तो क्रम चुकवून चालत नसे. दर गोळ्यागणिक नळी आतून इतकी झिजे, की पुढचा गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड लागायचा. साठ-पासष्ट गोळ्यांत नळीचं आयुष्य संपे.

गोळा घासून नळी झिजते असं वाटतं. खरा घाव घालतो तो दारूचा जळता वायू. पोलाद दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि हा वायू अडीच-तीन हजार अंशांच्या घरात असतो. सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं म्हणून नळी वाचते. पण तेवढ्यात आतला अगदी पातळ थर भाजून निघतो, वायूतला कार्बन त्यात मुरतो आणि असं लोखंड मूळ पोलादापेक्षा लवकर वितळतं. पुढचा झोत ते खरवडून नेतो. गोळ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा जिथे सुरू होतात, तिथे हा मार सर्वांत जास्त.

नळीला आतून क्रोमियमचा मुलामा देतात. मला अधिक चतुर वाटतो तो दारूच बदलण्याचा मार्ग. ब्रिटिशांच्या १८८९ च्या कॉर्डाइट या दारूमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं, आणि त्याने वायू फार तापतो. नळ्या भराभर खराब होऊ लागल्या, तेव्हा १९०१ च्या सुधारित कॉर्डाइटमध्ये ते ३० टक्क्यांवर आणलं. (त्यात व्हॅसलीनही असे. घातलं होतं नळीला वंगण म्हणून, उपयोगी पडलं दारू टिकवायला!) पुढे नायट्रोग्वानिडीन हे दुसरं स्फोटक मिसळलेल्या दारू आल्या. त्यांचा वायू तुलनेने थंड, तरी भरपूर.

स्वीडनमधून आलेली युक्ती तर फारच साधी. पांढऱ्या रंगात वापरतात ते टायटॅनियम डायऑक्साइड मेणात कालवायचं, कापडावर थापायचं आणि ते कापड काडतुसात दारूभोवती, पुढच्या बाजूला बसवायचं. काही ठिकाणी त्याऐवजी शंखजिरं वापरतात. बार उडाला की मेणाची वाफ आणि ही भुकटी नळीच्या भिंतीलगत पसरते, त्यामुळे भिंतीपर्यंत पोहोचणारी उष्णता घटते. ते नेमकं कसं घडतं, यावर तज्ज्ञांत वाद आहेत; परिणामावर नाहीत. बॅरल कमी तापलं, तर आत भरलेलं काडतूस नुसत्या धगीने उडण्याचा धोकाही कमी होतो.

रणगाड्यांच्या काही तोफांमध्ये झीज इतकी घटली, की नळी आता झिजेमुळे बाद होईनाशी झाली. ती बदलावी लागते दाबाच्या धक्क्यांनी वाढत जाणाऱ्या तड्यांमुळे. त्यावर मेणाचा इलाज नाही.