राक्षस सोपा, राजकन्या अवघड

‘श्रेक’ या ऍनिमेशनपटाची सुरुवात आठवतेय? संडासात बसलेला हिरवा राक्षस परीकथेचं पुस्तक वाचतोय. वाचता वाचता एक पान टर्रकन फाडतो आणि बाहेर येतो. मग चिखलाची अंघोळ. आपण हसत असतो, त्यामुळे त्या चिखलाकडे नीट बघायचं राहून जातं. २००१ साली असा चिखल पडद्यावर आणणं हे चांगलंच डोकेफोडीचं काम होतं.

ऍनिमेटर पात्र हलवतो ते सांध्यांच्या आधाराने. कोपर इथे वाकव, मान तिकडे वळव, सेकंदाला चोवीस चित्रं. द्रवाला मात्र सांधेच नसतात. म्हणून तो सोपवावा लागतो द्रव कसा वाहतो हे सांगणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातल्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांवर. जागेचे बारीक घनाकृती ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळ्यात द्रवाचा वेग किती, दाब किती हे क्षणाक्षणाला मोजत जायचं. ठोकळ्यापेक्षा लहान शिंतोडा या हिशेबात सापडत नाही, आणि अंघोळीच्या मध्येच पाणी गायब होऊ लागतं. त्याऐवजी नुसते कण सोडले, तर पृष्ठभाग खडबडीत, दाणेदार दिसतो. ‘श्रेक’ घडवणाऱ्या पीडीआय या स्टुडिओतले निक फॉस्टर आणि स्टॅनफर्डचे रॉन फेडकिव यांनी दोन्ही उपाय एकत्र केले. सलग भाग गुळगुळीत पृष्ठभागाने दाखवायचा आणि तो जिथे तुटतो तिथे कणांची मदत घ्यायची. त्यांचा शोधनिबंध २००१ सालचाच. पाण्याचा चिखल करायला मग श्यानता, म्हणजे साध्या भाषेत दाटपणा, वाढवायचा.

यात एक लबाडीही आहे, आणि मला ती फार आवडते. पात्राचा हात चिखलाला ढकलतो, पण चिखल हाताला ढकलत नाही. न्यूटनला हे मुळीच पटलं नसतं. पण चिखलाच्या धक्क्याने हात हलला असता तर ऍनिमेटरने बेतलेला विनोद बिघडला असता.

चेहऱ्यांसाठी पीडीआयकडे ‘अँट्झ’ या १९९८च्या चित्रपटापासूनची एक पद्धत होती. आत कवटी, तिच्यावर स्नायू, वर कातडी. ऍनिमेटर स्नायू ओढतो आणि कातडी त्यामागून सरकते. भुवई उचलली की कपाळाला आपोआप आठ्या. श्रेकच्या बाबतीत हे झकास जमलं. खरं कोडं पडलं ते राजकन्या फिओनाचं. ती जसजशी खऱ्या बाईसारखी होत गेली, तसतशी बघणाऱ्याला ती नकोशी वाटू लागली. शेवटी तिचा खरेपणा मुद्दाम कमी करून तिला पुन्हा थोडं कार्टूनकडे आणावं लागलं.

असं का व्हावं? जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच याचा अंदाज मांडला होता. बाहुली माणसासारखी होत गेली की ती आवडत जाते, पण अगदी जवळ पोहोचल्यावर ती आवड एकदम कोसळते आणि अंगावर काटा येतो. माणसांचे चेहरे आपण जन्मापासून वाचत आलोय. डोळ्यांखालची कातडी किंचित उशिरा हलली, गाल जरा जास्त मेणासारखा दिसला, तरी मेंदूला ते खटकतं. हिरव्या, तुतारीसारख्या कानांच्या राक्षसाला ताडून बघायला मात्र आपल्याकडे नमुनाच नाही. परीकथेत राक्षस भीतिदायक आणि राजकन्या गोड; संगणकावर नेमकं उलटं झालं.

विल्यम स्टाइग यांच्या १९९०च्या चित्रपुस्तकावरून निघालेल्या या चित्रपटाची घडणही सरळ झाली नाही. ऍनिमेशनमध्ये आधी आवाज मुद्रित होतो, मग त्यावर चेहरा हलतो. श्रेकचा आवाज आधी क्रिस फार्ली देत होते. बरंचसं काम झालेलं असताना डिसेंबर १९९७ मध्ये त्यांचं निधन झालं. मग माइक मायर्स आले. त्यांनी एकदा आवाज दिला आणि नंतर स्कॉटिश ढंगात पुन्हा दिला. आवाज बदलला की ओठ बदलतात, ओठांबरोबर गाल आणि डोळेही. म्हणजे झालेल्या कामावरही पुन्हा हात फिरवणं आलं.

हे कष्ट वाया गेले नाहीत. मे २००१ मध्ये चित्रपट कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. सुमारे ६ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभर ४८ कोटींहून जास्त कमावले. २००२च्या सोहळ्यात ऍनिमेशनपटांसाठी पहिल्यांदाच वेगळं ऑस्कर ठेवलं गेलं, तेही यानेच नेलं. स्पर्धेत ‘मॉन्स्टर्स, इंक.’सारखा तगडा गडी असूनही. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतही त्याला जागा मिळाली.

आज तो पुन्हा बघताना खलनायक फारक्वाडच्या नगरातली गर्दी प्लास्टिकची वाटते, सगळ्यांचे केस टोपीसारखे बसलेले. फिओनाही अधूनमधून बाहुलीच वाटते. चिखल मात्र अजून ओला आहे.