गोलाकार तारकागुच्छातल्या ताऱ्यांच्या गतीचं मोजमाप

गोलाकार तारकागुच्छ म्हणजे लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचा गच्च गोळा. वय साधारण 11 ते 13 अब्ज वर्षं, आणि आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून जास्त सापडलेत. फोटोत सगळं गोठल्यासारखं दिसतं पण आतला प्रत्येक तारा पळत असतो, बाकीच्यांच्या गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवलेला, त्यामुळे तारे किती वेगाने पळतात हे कळलं की गुच्छाचं वजन काढता येतं, डोळ्याला न दिसणारं वजनसुद्धा.

मोजायच्या पद्धती दोन. तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय हे वर्णपटातल्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, काळ्या रेषा किती सरकल्या त्यावरून कळतं, हा डॉप्लर परिणाम. आडवी गती मात्र खरी परीक्षा घेते, कारण तिथे तारा आकाशात सरकलेला प्रत्यक्ष पकडावा लागतो आणि त्याला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

ओमेगा सेंटॉरीचंच घ्या. नरतुरंग तारकासमूहातला हा गुच्छ महाराष्ट्रातून मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून वीसेक अंश वर दिसतो, अंधारी जागा असेल तर नुसत्या डोळ्यांनी, धूसर ताऱ्यासारखा. अंतर सुमारे 17,700 प्रकाशवर्षं, तारे जवळपास एक कोटी. मधल्या भागातला तारा सेकंदाला 20 किलोमीटरने आडवा पळत असला तरी 20 वर्षांत हबल अवकाश दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर तो अर्धा पिक्सेलही सरकत नाही! म्हणून प्रत्येक ताऱ्याच्या ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या बारीक अंशापर्यंत काढायचा, कॅमेऱ्याच्या भिंगा-आरशांमुळे चित्र कुठे कसं ताणलं गेलंय ते दुरुस्त करायचं, आणि दुर्बिणीचाही भरवसा धरायचा नाही कारण पृथ्वीभोवतीच्या प्रत्येक फेरीत ती ऊन-सावलीने तापते-थंडावते आणि फोकस किंचित हलतो. असे शेकडो फोटो जुळवले की मग कुठे गती हाती लागते. इथे जुन्या फोटोंची किंमत दरवर्षी वाढत जाते, कारण मधला काळ जितका मोठा तितकी चूक कमी.

याच मेहनतीतून 2024 मध्ये हबलच्या 500 हून जास्त फोटोंवरून सुमारे 14 लाख ताऱ्यांच्या गती निघाल्या. त्यात अगदी मध्याजवळ सात तारे इतके वेगवान निघाले की ते खरं तर केव्हाच बाहेर उडून जायला हवे होते, म्हणजे त्यांना काहीतरी जड धरून आहे, सूर्याच्या निदान 8,200 पट वस्तुमानाचं कृष्णविवर असा संशोधकांचा निष्कर्ष. वाद संपलेला नाही, छोट्या कृष्णविवरांची गर्दीही मध्यावर तसाच परिणाम करू शकते.

युरोपच्या गाया अवकाश दुर्बिणीने तर जवळजवळ प्रत्येक गुच्छाची एकूण चाल मोजून दिली, गर्दीच्या गाभ्यात मात्र तिला तारे सुटे करणं जड गेलं, तिथे हबलच लागते.

याचा अजून एक सुंदर उपयोग म्हणजे अंतर. डॉप्लरने गती सेकंदाला किती किलोमीटर अशी मिळते, फोटोंवरून कोनात, म्हणजे तारा आकाशात किती अंशभर सरकला अशी, आणि तारे सगळ्या दिशांना सारखेच पळतात असं धरलं की दोन्ही आकडे जुळण्यासाठी गुच्छ किती लांब असायला हवा ते सरळ निघतं, ताऱ्यांच्या तेजाचा आधार न घेता.