चार गुण कुणालाच का मिळत नाहीत?

सहा जण दोन दिवस एका छपराखाली राहणार होतो आणि बाहेर पाऊस लागून राहिला होता. पत्ते खेळून कंटाळा आला, तेव्हा मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी कापून एक खेळ रचला. प्रत्येक चिठ्ठीवर एकेक वैताग लिहिला. ओले मोजे. मध्यरात्री शेजारच्या घरात वाजत राहणारा गजर. रांगेत मध्येच घुसणारा माणूस. अर्धं ऐकून पूर्ण सल्ला देणारा नातेवाईक. टोपण हरवलेलं पेन. अशा तीसेक चिठ्ठ्या झाल्या.

नियम साधा होता. पाच चिठ्ठ्या उघडायच्या. ज्याच्यावर राज्य असेल त्याने त्या आपल्याला सर्वांत जास्त छळणाऱ्यापासून सर्वांत कमी छळणाऱ्यापर्यंत क्रमाने लावायच्या आणि तो क्रम कागदावर लिहून कागद पालथा ठेवायचा. बाकीच्या पाच जणांनी तो क्रम ओळखायचा. जेवढ्या चिठ्ठ्या बरोबर जागी, तेवढे गुण. प्रत्येकावर एकदा राज्य आलं, म्हणजे एकूण तीस अंदाज झाले.

एका मैत्रिणीवर राज्य होतं तेव्हा तिच्या नवऱ्याला शून्य मिळालं. बारा वर्षांचा संसार, आणि शून्य! आणि तिला त्याच दिवशी पहिल्यांदा भेटलेल्या एका पाहुण्याला पाचपैकी पाच. त्याला लगेच ‘मनकवडा’ ही पदवी मिळाली आणि नवरा तासभर गप्प बसला. वही सांभाळणाऱ्या मित्राला मात्र भलतीच शंका आली. शून्य, एक, दोन, तीन, पाच असे सगळे गुण कुणा ना कुणाला मिळाले होते. “मग चारचं काय वाकडं आहे?” तो म्हणाला.

चारचं वाकडं एवढंच, की ते मिळूच शकत नाहीत. चार चिठ्ठ्या आपापल्या जागी बसल्या की पाचवीला उरलेल्या एकाच जागेवर जावं लागतं, आणि ती तिची स्वतःचीच जागा असते. चार बरोबर म्हणजे पाच बरोबर. हे कळल्यावर सगळे हसले आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. गुण देण्याची पद्धत आपण सहज म्हणून ठरवतो, पण तिच्या पोटात काय काय दडलेलं असतं हे मोजून बघायला हवं, असं वाटलं.

पाच चिठ्ठ्या १२० प्रकारे लावता येतात (५ × ४ × ३ × २ × १). समजा एखाद्याने डोळे मिटून क्रम लावला. या १२० रचनांपैकी ४४ रचनांत एकही चिठ्ठी जागेवर नसते, ४५ रचनांत एक असते, २० रचनांत दोन, १० रचनांत तीन, शून्य रचनांत चार आणि एका रचनेत पाच. आता एकूण बरोबर जागा मोजू: ४५ एके ४५, २० दुणे ४०, १० त्रिक ३० आणि वरचे ५. बेरीज १२०. रचनाही १२०. म्हणजे आंधळ्या अंदाजाला सरासरी बरोबर एक गुण मिळतो.

हा ‘एक’ मला फार आवडतो, कारण तो पाच चिठ्ठ्यांपुरता नाही. पन्नास चिठ्ठ्या घ्या, पाच हजार घ्या, सरासरी एकच राहते. कारण सोपं आहे. पन्नास चिठ्ठ्या असतील तर कुठलीही एक चिठ्ठी आपल्या जागी पडण्याची शक्यता पन्नासात एक असते, आणि अशा चिठ्ठ्या पन्नास असतात. पन्नास गुणिले एक-पन्नासांश म्हणजे एक. ‘पण एक चिठ्ठी जागेवर बसली की बाकीच्यांच्या शक्यता बदलतात ना?’ असं कुणी विचारेल. बदलतात, पण सरासऱ्यांची बेरीज करताना त्या एकमेकींवर अवलंबून आहेत की नाहीत याने काही फरक पडत नाही. संभाव्यताशास्त्रातला हा इतका उपयोगी नियम आपल्याला शाळेत कुणी धड सांगत नाही, याची मला खंत आहे.

एकही चिठ्ठी जागेवर न पडण्याचं कोडं जुनं आहे. १७०८ साली माँमोर या फ्रेंच गणितीने जुगारी खेळांवरच्या आपल्या ग्रंथात ते ‘तेरा’ नावाच्या पत्त्यांच्या खेळाच्या निमित्ताने मांडलं. उत्तर काढायची रीत अशी: सगळ्या रचना घ्या. पहिली चिठ्ठी जागेवर असलेल्या रचना वजा करा, दुसरी जागेवर असलेल्या वजा करा, असं पाचही चिठ्ठ्यांचं करा. यात दोन चिठ्ठ्या जागेवर असलेल्या रचना दोनदा वजा झाल्या, म्हणून त्या एकेकदा परत मिळवा. मग तीनवाल्या जास्त मिळवल्या गेल्या, त्या वजा करा. असं करत गेलं की हाती येतं: १ − १ + १/२ − १/६ + १/२४ − १/१२०, म्हणजेच ४४/१२०, साधारण ३७ टक्के. चिठ्ठ्या वाढवल्या की ही साखळी लांबते, पण उत्तर ३७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतं. शेवटी ते १/e वर जाऊन टेकतं. चक्रवाढ व्याजात भेटणारा २.७१८… हा तोच e. तो इथे चिठ्ठ्यांच्या खेळात काय करतोय, असं वाटलं तर ते वाटणं रास्त आहे. वरची साखळी समजली नसली तरी बिघडत नाही. त्या नवऱ्याच्या बाजूने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, की डोळे मिटून अंदाज करणाऱ्या शंभरांतल्या सदतीस जणांना शून्यच मिळतं.

आणि मनकवडा? एका आंधळ्या अंदाजात तीन किंवा जास्त गुण मिळण्याची शक्यता १२० त ११, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. पण अंदाज तीस होते. तीसही वेळा काहीही न जाणता चिठ्ठ्या लावल्या तरी कुणाला तरी तीन किंवा पाच मिळण्याची शक्यता ९४ टक्के निघते. पैकीच्या पैकी मिळण्याची शक्यताही २२ टक्के आहे. अशा पाच बैठका बसल्या तर साधारण एकीत कुणी ना कुणी मनकवडा ठरणारच. मन ओळखण्याचा दावा करणाऱ्यांचं दुकान चालतं ते याच हिशेबावर. बरोबर आलेला एक अंदाज सगळ्यांच्या लक्षात राहतो, हुकलेले एकोणतीस वहीत पडून राहतात, आणि बहुतेक वेळा वही कुणी ठेवलेलीच नसते.

पण माझ्या गुणपद्धतीतला खरा दोष याहून मोठा होता. समजा खरा क्रम क, ख, ग, घ, च असा आहे. एकाने ओळखला ख, क, घ, ग, च. दुसऱ्याने ओळखला च, घ, ग, ख, क. पहिल्याने शेजारशेजारच्या जोड्या तेवढ्या उलटसुलट केल्या, बाकी त्याला माणूस कळलाय. दुसऱ्याने पूर्ण उलटा क्रम लावला. म्हणजे राज्य असलेल्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट त्याला सर्वांत निरुपद्रवी वाटली. आणि दोघांनाही गुण एकेकच! एकाची ‘च’ जागेवर आहे, दुसऱ्याची मधली ‘ग’.

यावरचा उपाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेल्या मोजपट्टीत सापडतो. प्रत्येक चिठ्ठी आपल्या जागेपासून किती घरं लांब पडली ते मोजायचं आणि बेरीज करायची. पहिल्याची बेरीज १ + १ + १ + १ + ० = ४. दुसऱ्याची ४ + २ + ० + २ + ४ = १२, आणि पाच चिठ्ठ्यांत याहून मोठी बेरीज होत नाही. डोळे मिटून लावणाऱ्याची सरासरी बेरीज ८ येते. म्हणून नवा नियम केला: ८ मधून आपली बेरीज वजा करायची. अचूक ओळखलं तर ८ गुण, आंधळ्या अंदाजाला सरासरी शून्य, पूर्ण उलटं लावणाऱ्याला उणे ४. शून्याला आता काही अर्थ आला.

तरी एक चोरवाट उरली होती, आणि ती दुसऱ्या दिवशी दिसली. एका चिठ्ठीवर मी ‘दातदुखी’ लिहिलं होतं. ती निघाली की प्रत्येक जण ती वर ठेवायचा आणि ओळखणाराही वर ठेवायचा. गुण मिळायचे, पण त्यात समोरच्या माणसाबद्दल कळलं काय? दातदुखी कुणालाच आवडत नाही, एवढंच. ली क्रॉनबाख यांनी १९५५ साली हीच गोष्ट मानसशास्त्रज्ञांना सुनावली होती. दुसऱ्याला अचूक ओळखणं म्हणून जे मोजलं जातं त्यात वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी असते, असं त्यांनी दाखवलं. एक असते सर्वसाधारण माणसाची जाण, आणि दुसरी या अमुक माणसाचं वेगळेपण ओळखणं. पहिली चांगली असली की दुसरी नसतानाही बेरीज छान दिसते.

मग मी खेळात एक सातवा भिडू घेतला: लिंबूटिंबू. हा लिंबूटिंबू म्हणजे कुणी माणूस नव्हे. सगळ्यांनी आधी स्वतःचा क्रम गुपचूप लिहायचा. ज्याच्यावर राज्य आहे त्याला वगळून बाकी पाच जणांच्या क्रमांची सरासरी काढली की जो क्रम येतो, तो लिंबूटिंबूचा अंदाज. त्याने राज्य असलेल्याला कधी पाहिलेलं नाही, त्याला ठाऊक आहेत फक्त बाकीचे पाच जण. तुमचे ४ गुण आणि लिंबूटिंबूचेही ४, तर तुम्हाला जग कळतं, ही व्यक्ती कळते की नाही ते माहीत नाही. तुमचे ६ आणि त्याचे शून्य, तर मात्र खरी ओळख. तुमच्या गुणांतून त्याचे वजा करायचे आणि उरेल ती कमाई. त्या रात्री सात जणांत लिंबूटिंबू तिसरा आला. चार जिवंत माणसं त्याच्या मागे होती, आणि मनकवडा त्या चारांत.

भविष्य सांगणाऱ्यांचा सगळा व्यवहार या लिंबूटिंबूवरच चालतो. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचं ‘खास’ वर्णन दिलं. ते किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना शब्दन् शब्द एकच होतं, आणि बरंचसं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. आजकाल चार अक्षरांत माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या फोनवर फिरतात. त्यांच्याशेजारी एक लिंबूटिंबू बसवून बघा.

सगळ्यांचे स्वतःचे क्रम हाताशी आल्याने आणखी एक गोष्ट उघडी पडली. बरेच अंदाज राज्य असलेल्याच्या क्रमापेक्षा अंदाज करणाऱ्याच्याच क्रमाशी जास्त जुळत होते. आपल्याला जे छळतं तेच सगळ्यांना छळत असणार, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की अंगावर जाहिरातीचा फलक अडकवून महाविद्यालयाच्या आवारात फिराल का? तयार झालेल्यांना वाटलं की साधारण ६२ टक्के जण तयार होतील. नकार देणाऱ्यांना वाटलं की ६७ टक्के जण नकार देतील. दोन्ही अंदाज एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. अर्थात दुसऱ्याबद्दल काहीच माहीत नसेल तर स्वतःवरून अंदाज बांधणं अगदीच मूर्खपणाचं नाही, कारण आपणही माणसांतलाच एक नमुना आहोत. चूक होते ती त्या एका नमुन्यावर फार भरवसा ठेवण्यात. जुन्या ओळखीत तर भरवसा वाढतच जातो. स्वॉन आणि गिल यांच्या १९९७ च्या अभ्यासात दिसलं की जोडीदाराला आपण ओळखतो हा विश्वास नात्याच्या वयाबरोबर वाढतो, अचूकपणा मात्र त्या मानाने वाढत नाही. हे मी त्या नवऱ्याला सांगितलं. त्याचं समाधान झालं, बायकोचं नाही.

गुण कुणाला द्यायचे, यावरही एक धडा मिळाला. सुरुवातीला मी राज्य असलेल्यालाही गुण ठेवले होते: जितक्या जणांनी तुला ओळखलं तितके तुझे. एकीने ते बरोबर हेरलं आणि स्वतःचा खरा क्रम लिहिण्याऐवजी लोकांना अपेक्षित असलेला क्रम लिहू लागली. उलट नियम केला असता, म्हणजे न ओळखलं गेल्याबद्दल गुण दिले असते, तर तिने मुद्दाम विचित्र क्रम लिहिला असता. म्हणून राज्य असलेल्याला गुण नाहीत. खरं लिहून त्याला फायदा नाही आणि खोटं लिहूनही नाही, मग माणूस आळसाने खरंच लिहितो.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी, माझ्यावर राज्य होतं तेव्हाच्या त्याच पाच चिठ्ठ्या मी काढल्या, जुना कागद न बघता पुन्हा क्रम लावला आणि मग ताडून पाहिला. बेरीज ४ आली. म्हणजे स्वतःला ओळखण्यात मला ४ गुण. त्या दिवशी मनकवड्याने मला ओळखून ६ मिळवले होते.