घरभाड्याच्या उत्पन्नातील वजावटी

भाड्याने दिलेल्या घराचा आयकर काढताना भाड्याच्या रकमेतून कायद्याने वगळता येणाऱ्या रकमा. भारतात त्या तीनच आहेत : मालकाने भरलेला मालमत्ता कर, त्यानंतर उरणाऱ्या रकमेच्या ३० टक्के ठोक वजावट आणि घरासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज. १९६१च्या आयकर कायद्यात हा विषय कलम २२ ते २७ मध्ये होता. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा कायदा लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, गणिताचा सांगाडा तोच राहिला.

घरमालकांचा सर्वांत मोठा गैरसमज दुरुस्तीच्या बिलांबद्दल असतो. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, रंगकाम, प्लंबरची मजुरी, एजंटची दलाली, विम्याचा हप्ता, लिव्ह अँड लायसन्स कराराची स्टॅम्प ड्युटी यांपैकी काहीही वेगळे वजा होत नाही. या सगळ्यांच्या बदल्यात ३० टक्के मिळतात, आणि वर्षभरात एक खिळाही ठोकला नसला तरी तेवढेच मिळतात. २००१च्या वित्त कायद्यापूर्वी दुरुस्ती व भाडेवसुलीसाठी वार्षिक मूल्याचा (मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्याचा) चौथा हिस्सा आणि विमा, भुईभाडे वगैरे बाबी वेगवेगळ्या मिळत. नंतर त्यांची मोट बांधून सरसकट ३० टक्के ठरले. नव्या इमारतीतल्या मालकाला हा सौदा फायद्याचा पडतो. जुन्या, गळक्या इमारतीतला मालक मात्र पदरमोड करतो.

समजा, भाडे दरमहा २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,००,०००. भरलेला मालमत्ता कर १८,०००. राहिले २,८२,०००, त्याचे ३० टक्के ८४,६००. उरले १,९७,४००. कर्जाचे व्याज २,४०,००० असेल तर ४२,६०० रुपयांचा तोटा दिसतो. याच वर्षी बाथरूमच्या टाइल्स उखडून १,१०,००० खर्च केले असले, तरी यातला एकही आकडा हलत नाही.

मालमत्ता कराची अट ‘भरलेला’ ही आहे. बिल आले पण पैसे भरले नाहीत, तर त्या वर्षी वजावट नाही. उलट तीन वर्षांची थकबाकी एकदम भरली, तर ती सगळी भरणा केलेल्या वर्षी वजा होते. कर भाडेकरूने भरला असेल तर मालकाला काहीच मिळत नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत असते. घर भाड्याने दिले की ती जाते, त्यामुळे वजावटीचा आकडा जुन्या पावतीवरून न घेता नव्या पावतीवरून घ्यावा. मुंबईत अनेक गृहनिर्माण सोसायट्यांत कराचे बिल सोसायटीच्या नावाने एकच येते आणि सभासदाचा वाटा मेंटेनन्सच्या बिलात वसूल होतो. तिथे ‘मालमत्ता कर’ ही ओळ वेगळी दिसायला हवी. नाहीतर सोसायटीकडून तसा दाखला घ्यावा.

मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) हा वादाचा भाग. महाराष्ट्रात नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सोसायटीच्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. कायद्याच्या वजावटीत या दोन्हींचे नाव नाही, पण मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने काही प्रकरणांत असे खर्च भाड्यातूनच आधी वजा करू दिले आहेत. विरुद्ध निकालही आहेत, म्हणून असा दावा करणाऱ्याने नोटिशीची तयारी ठेवावी. सरळ मार्ग करार करताना असतो : मेंटेनन्स भाडेकरूने परस्पर सोसायटीला द्यावे असे लिहिले, तर ती रक्कम भाड्यात धरण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जव्याजाला वरची मर्यादा नाही. घर खरेदीसाठी, बांधण्यासाठी, तसेच दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचेही व्याज चालते. म्हणजे दुरुस्तीचा खर्च खिशातून केला तर वेगळे काही नाही, कर्ज काढून केला तर व्याज वजा! हप्त्यातला मुद्दलाचा भाग मात्र इथे येत नाही. बँकेच्या दाखल्यावरून दोन्ही वेगळे करावेत. थकलेल्या व्याजावरचे व्याजही चालत नाही. ताबा मिळण्याआधीच्या वर्षांचे व्याज बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत वजा होते.

आयकर भरण्याच्या दोन पर्यायांपैकी जुन्या करप्रणालीत (जास्त सवलती, चढे दर) तोटा झाल्यास वर्षाला २ लाखांपर्यंत तो पगार किंवा इतर उत्पन्नातून वळता, म्हणजे वजा होतो. बाकीचा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण तो फक्त घराच्या उत्पन्नाविरुद्ध. नव्या प्रणालीत पगारातून वळता करण्याची सोय नाही. करप्रणाली निवडताना मोठे कर्ज असलेल्यांनी हेच आधी पाहावे.

फर्निचर, एसी यांचे भाडे करारात वेगळे ठरवले, तर तेवढी रक्कम ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ या शीर्षाखाली जाते. तिथे प्रत्यक्ष दुरुस्ती आणि घसारा, म्हणजे वस्तू झिजण्यापोटीची वजावट (फर्निचरला १० टक्के) मिळते. घराच्या भाड्यातच सगळे गुंडाळले, तर हा हक्क गमावण्याची शक्यता असते.

नवी खोली, बदललेले वायरिंग, ग्रील अशा भांडवली सुधारणांची बिले फेकू नयेत. ती आज उपयोगी नसली, तरी घर विकताना सुधारणेचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून (विक्रीत झालेल्या नफ्यातून) वजा होतात. तेव्हा तारीख, ठेकेदाराचे नाव आणि बँकेतून दिलेली रक्कम विचारली जाते.

भाडेकरूने बुडवलेले भाडे वजावटीत नसते, ते मुळात भाड्यातच धरले जात नाही. त्यासाठी भाडेकरार खरा हवा, भाडेकरूने जागा सोडलेली किंवा सोडवण्याची कारवाई सुरू केलेली हवी, तो मालकाच्या दुसऱ्या कुठल्या जागेत राहता कामा नये आणि वसुलीसाठी दावा लावलेला, किंवा तो निरुपयोगी ठरेल असे आयकर अधिकाऱ्याला पटलेले हवे. नंतर ती रक्कम वसूल झाली, तर त्या वर्षी ३० टक्के वगळून बाकीवर कर लागतो, मग तोवर घर विकलेले असले तरी.