जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी डिस्क कशी पुसावी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यातला जुना कॉम्प्युटर भंगारात जातो, तेव्हा त्यात जॅकार्ड मागावर विणायची डिझाइन्स, कामगारांचे आधार क्रमांक, व्यापाऱ्यांची उधारी असं बरंच काही असतं. ‘फॉरमॅट मारलंय’ म्हणून मालक निर्धास्त राहतो. पण क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी जाते. मजकूर जागेवरच असतो आणि फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यातला बराचसा परत काढून देतं.

साध्या हार्ड डिस्कला एनवाइप हे, जुन्या मजकुरावर नवं लिहून तो पुसणारं ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेलं) साधन पुरतं. श्रेडओएस ही त्यासाठीची छोटी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केलं की ते आपोआप उघडतं. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक वेळी तीच राहतील असं नाही, म्हणून सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा. जी पुसायची नाही, तिची केबलच काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसली गेली तर परतीचा रस्ता नाही.

किती वेळा पुसायचं? संगणक सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांनी 1996 साली सुचवलेल्या 35 फेऱ्या तेव्हाच्या डिस्कसाठी होत्या. आज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिण्याची एक फेरी आणि नंतर पडताळणी बास. सेकंदाला 150 एमबी वेग धरला तर 1 टीबीच्या एका फेरीला पावणेदोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. 35 फेऱ्यांना अडीच दिवसही पुरणार नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात एवढा वेळ डिस्क चालवली तर ती तापणारच. बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते, तेव्हा टेबलफॅनचा वारा थेट डिस्कवर सोडा.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर मजकूर ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. ती झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून मजकूर आतल्या आत हलवत राहते आणि काही जागा राखीव ठेवते. वरून कितीही शून्यं लिहा, ती जागा हाती लागत नाही. तिथे डिस्कलाच ‘स्वतःला पूस’ असा सिक्युअर इरेजचा हुकूम द्यावा लागतो: साटा केबलने जोडायच्या एसएसडीला एचडीपार्म या लिनक्स कमांडमधून, थेट बोर्डावर बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीला एनव्हीएमई-सीएलआय या कमांडमधून. साटा डिस्क ‘फ्रोझन’ (असे हुकूम न घेणारी) दिसली तर मशीन स्लीपला टाकून उठवा, बऱ्याचदा सुटते. यूएसबी अडॅप्टर नको, केबल थेट मदरबोर्डाला लावा.

एचडीपार्ममध्ये आधी पासवर्ड लावावा लागतो. मध्येच लाइट गेली तर डिस्क त्याच पासवर्डने कुलूपबंद राहते आणि माणसाला वाटतं, मेली. तोच पासवर्ड देऊन पुन्हा पुसली की बहुधा सुटते. पुसण्याच्या साधनासोबतच्या माहितीपुस्तिकेत म्हणूनच एकच ठरलेला, सोपा पासवर्ड छापावा. ही ओळ आमच्या मते साऱ्या पुस्तिकेत सर्वांत मोलाची आहे.

‘झालं’ असा संदेश आला तरी तपासा. 2011 साली सॅन दिएगोच्या संशोधकांना एक एसएसडी अशी सापडली, जी यशस्वी म्हणत होती आणि मजकूर जसाच्या तसा होता.

पुसण्याच्या साधनाच्या कोडमध्ये बदल करणाऱ्यांनी खऱ्या डिस्कवर प्रयोग करू नये. 100 एमबीची फाइल बनवा, ती लूप डिव्हाइस म्हणून (म्हणजे फाइलच डिस्कसारखी) जोडा, ‘सोलापुरी चादर’ या शब्दांनी काठोकाठ भरा, पुसा आणि ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडने शोधा. एकदा जरी सापडले, तरी चाचणी नापास. पुसणं मुद्दाम मध्येच तोडूनही पाहा: साधनाच्या नोंदीत तेव्हा ‘अपूर्ण’ असंच यायला हवं.