फ्यूज बदलला की गाणं खुलतं का? वादाची पार्श्वभूमी

मुंबईत हौसेने जमवलेले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर निवृत्तीनंतर चाकरमान्याबरोबर गावच्या घरी येतात, आणि सोबत हा वादही रत्नागिरी-मालवणपर्यंत पोचतो. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागचा २० मिलिमीटर लांबीचा काचेचा फ्यूज काढून महागडा घातला, तर आवाज सुधारतो म्हणे.

फ्यूज जन्माला आला तो राखणीसाठी. १८४७ मध्ये फ्रान्सच्या ब्रेगे यांनी तारयंत्राच्या केंद्रांना आकाशातल्या विजेपासून वाचवायला मध्ये बारीक तार घालायचं सुचवलं. एडिसनच्या फ्यूजचं पेटंट १८९० चं. कोकणात पोफळीचं कोयना वीजगृह १९६२ मध्ये सुरू झालं, तरी गावोगाव वीज पोचायला पुढे बराच काळ लागला. घरात आला तो चिनीमातीचा किटकॅट फ्यूज. तो उडाला की वायरमनची वाट कोण बघणार? हाताला येईल ती तार गुंडाळायची. आवाजाचा संबंध कुणी जोडला नव्हता.

तो जोडला गेला ट्रान्झिस्टरमुळे. त्याआधीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या आधी सहसा ट्रान्सफॉर्मर असायचा, त्यामुळे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, स्पीकरपर्यंत जात नसे. ट्रान्झिस्टर आल्यावर हा ट्रान्सफॉर्मर गेला आणि पुढे स्पीकर थेट जोडले जाऊ लागले. आता आउटपुटचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी आतला डीसी सरळ स्पीकरवर येऊन कॉइल जळायची. म्हणून काही उत्पादकांनी स्पीकरच्याच वाटेत फ्यूज बसवला. इथे मात्र तक्रारीला जागा होती, कारण या फ्यूजमधून गाण्याचाच प्रवाह वाहतो. पखवाजाची जोरदार थाप आली की बारीक तार तापते, तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. प्रवाह ओसरला की ती निवते. खर्जातल्या सुरांची लहर इतकी संथ असते की एकाच लहरीत हे तापणं-निवणं घडतं आणि सुरात नसलेली तिसरी हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट वेगाची लहर, मिसळते. स्पीकर ४ किंवा ८ ओहमचा, तेव्हा ओहमच्या छोट्या अंशालाही तिथे किंमत आहे. ब्रिटिश ॲम्प्लिफायर-रचनाकार डग्लस सेल्फ यांनी ही विकृती मोजून दाखवली आहे. पुढे रिलेचं, म्हणजे बिघाड झाला की स्पीकरची जोडणी आपोआप सोडवणाऱ्या स्विचचं, संरक्षण रुळलं आणि स्पीकरच्या वाटेतला फ्यूज बहुतेक ठिकाणी गेला.

शंका मात्र मागे राहिली, आणि माझ्या मते तीच नंतर चुकीच्या फ्यूजला चिकटली. या शतकाच्या पहिल्या दशकात शेकडो डॉलरपर्यंतचे खास फ्यूज बाजारात आले ते मेनच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, वाटेसाठी. तिथला प्रवाह गाण्याचा नसतो. तो आधी पुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून, मग एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरकडे जातो. फ्यूजचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १ अँपिअर धरला, तर घट होते ०.१ व्होल्ट. कपॅसिटर भरताना प्रवाह झटक्यांनी येतो, म्हणून क्षणिक घट काही पट जास्त, हेही खरं. पण २३० व्होल्टच्या पुरवठ्यात नियमानेच ६ टक्के, म्हणजे जवळजवळ १४ व्होल्ट, वर-खाली चालतात. पावसाळ्यात आमच्या लायनीवर काय चालतं ते सांगायला नको. काही फ्यूजवर दिशेचा बाणही असतो. सेकंदाला शंभरदा दिशा बदलणाऱ्या एसी प्रवाहाने तो कुठल्या बाजूने वाचायचा, कोण जाणे!

तरीही ‘फरक ऐकू आला’ म्हणणारे सगळे थापा मारत नाहीत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत फ्यूजच्या क्लिपांवर गंज चढतो, पकड सैल होते, कधी खरखर येते. नवा फ्यूज घालताना क्लिपा घासल्या जातात आणि पकड पुन्हा घट्ट बसते. तेवढं जुनाच फ्यूज काढून, क्लिपा साफ करून, परत बसवूनही होतं, अर्थात प्लग काढून आणि आतले कपॅसिटर उतरू देऊन. दुसरं कारण मनाचं. पैसे मोजलेला कान उदार होतो. बेल लॅबोरेटरीजच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडलेली पद्धत यासाठीच उपयोगी पडते: क आणि ख ऐकवायचे, मग त्यांतलाच एक नाव न सांगता ऐकवून ओळखायला लावायचा. गावात दोघा मित्रांना आणि एका पडद्याला हे जमतं.

बदलायचाच असेल तर फ्यूजच्या धातूच्या टोपीवरचा आकडा आणि अक्षर जसंच्या तसं जुळवा. टी म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे लगेच. टीच्या जागी एफ घातला, तर मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होतानाच्या धक्क्यानेच तो उडेल. आणि मग किटकॅटच्या सवयीने कुणी त्यात जाड तार भरू नये. बिघाड झाला तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल.