रक्ताच्या नळीमागचा इतिहास

उन्मादावरचं (मॅनियावरचं) औषध लिथियम घेणाऱ्या रुग्णाचं रक्त, त्यातली औषधाची पातळी मोजायला, सकाळची गोळी देण्याआधी, रात्रीच्या डोसला १२ तास झाले की काढतात. वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरला हा नियम शिकवला जातो. तो कुणाच्या जिवावर शिकला गेला, हेही तिला सांगायला हवं.

ऑस्ट्रेलियातले डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण पाच वर्षं उन्मादात होता. औषधाने तो सुधारला, घरी गेला, कामालाही लागला. मग त्याने गोळ्या सोडल्या आणि आजार उलटला. औषध पुन्हा सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. औषध देताना आणि सोडताना जे जे चुकू शकतं, ते त्या एका माणसाने भोगलं. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड मिळत होतं. त्यानेही माणसं दगावली.

गुण येणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. मेलबर्नमध्ये एडवर्ड ट्राउटनर आणि सहकाऱ्यांनी रक्तातली पातळी मोजत उपचार केले, तेव्हा कुठे हे औषध हाताळण्याजोगं झालं. अमेरिकेने परवानगी द्यायला १९७० साल उजाडलं. तरी रिपोर्टची वाट पाहत बसून चालत नाही. हात जास्तच थरथरू लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, की पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठायचं. विदर्भातल्या मे महिन्यात नुसत्या घामाने आणि कमी पाण्यानेही पातळी चढू शकते.

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधाची कथाही अशीच. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटून ८ रुग्ण दगावले आणि अनेक देशांनी ते औषध मागे घेतलं. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, ती दर आठवड्याला रक्त तपासण्याच्या अटीवर. म्हणून या रुग्णाचा साधा ताप किंवा घसादुखीही लगेच कळवायची. आणि डोस ४८ तासांहून जास्त चुकले असतील, तर जुन्या मात्रेची गोळी हातावर ठेवायची नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत जायचं.